खानदेशातील महासाथ आणि तुटलेला संवाद

जून २०२० मध्ये जळगावचे नाव साऱ्या देशात गाजले, पण ते केळीमुळे नव्हे की सोन्यामुळे नव्हे. शासकीय रुग्णालयात दाखल केलेली ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाल्याची नोंद झाली आणि सुमारे आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, पाठोपाठ जिल्हाधिकारीही बदलले. शासनाच्या लेखी कारवाई पूर्ण झाली. परंतु आत गेलेल्या आपल्या माणसाची खुशाली बाहेर ताटकळणाऱ्या आप्तांना सांगण्याचे दायित्व नेमके कोणाचे, हा प्रश्न चौकशीच्या धुरळ्यात झाकला गेला.

हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही, जनसंपर्काचा आहे. जनसंपर्क म्हटले की आपल्याकडे सत्काराचे छायाचित्र आणि चार ओळींचे प्रसिद्धिपत्रक एवढेच डोळ्यांपुढे येते. वस्तुतः जिल्हा माहिती कार्यालय, महापालिका, विद्यापीठ, मोठे उद्योग, सहकारी बँका अशा सर्व ठिकाणी हे काम जाणणारी मंडळी असतात. एरवी प्रत्येकाने आपापल्या संस्थेचा लौकिक जपावा, त्यात वावगे काहीच नाही. मात्र महासाथीत लौकिक एकट्या संस्थेचा उरत नाही.

साथीच्या प्रारंभी जळगावच्या संशयितांचे घशाचे नमुने तपासणीसाठी धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. नमुना एका जिल्ह्याचा, प्रयोगशाळा दुसऱ्या जिल्ह्याची, आणि मधल्या काळात घरचे लोक अंधारात. अशी पोकळी कधी रिकामी राहत नसते. ती अफवा भरून काढते. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत अशाच पोकळीत वाढते, मग माणसे दुखणे अंगावर काढतात आणि अगदी अखेरच्या घटकेस दवाखाना गाठतात. त्या उन्हाळ्यात जळगावचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे गेला होता. त्याला कारणे अनेक, पण उशिरा दाखल होणारे रुग्ण हे त्यांतील मोठे कारण होते. दोन्ही जिल्ह्यांच्या माहिती यंत्रणांनी, रुग्णालयांनी आणि खासगी क्षेत्रातील जाणकारांनी एकत्र बसून दिवसातून एकदा एकच विश्वासार्ह निवेदन दिले असते, तर त्यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नव्हती.

भाषेचे तर विचारूच नये. ‘विलगीकरण’, ‘प्रतिबंधित क्षेत्र’, ‘सहव्याधी’ हे शब्द मंत्रालयातून निघाले आणि जसेच्या तसे साक्री, शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत पोहोचले. अहिराणी, लेवा गणबोली, सातपुड्यातील पावरी या बोली ज्या प्रदेशात घराघरांत नांदतात, जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी आकाशवाणीची केंद्रे आहेत, तिथे आजीला समजेल असे सांगणे अवघड का ठरावे? ज्यांनी बहिणाबाईंचे नाव विद्यापीठाला दिले, त्यांना बोलीचे सामर्थ्य निराळे सांगायला हवे काय?

महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये जो साथरोग कायदा लागू झाला, तो मूळचा १८९७ चा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या काळात परकीय सरकारने लष्कराकरवी घरे तपासली, पण लोकांना विश्वासात घेतले नाही. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’तून कोरडे ओढणारे टिळक स्वतः पुण्यातच राहिले आणि त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे केले. लोकांचा विश्वास बसला तो या उपस्थितीवर.

स्वयंसेवी संस्थांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. त्यात आपल्या विचारांच्या संस्थाही आल्या. शिधा, अन्नाची पाकिटे, रक्तदान, अंत्यसंस्कार अशा अनेक आघाड्यांवर कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले, याविषयी दुमत नाही. तथापि एकाच वस्तीत तीन संस्थांचा शिधा पोहोचला आणि पलीकडची वस्ती कोरडी राहिली, असे घडू शकले ते प्रत्येकाची यादी वेगळी आणि छायाचित्रही वेगळे असल्यामुळे. संघाच्या परिभाषेत ‘संपर्क’ आणि ‘प्रचार’ ही दोन स्वतंत्र कामे आहेत. गावोगावच्या शाखांकडे वस्त्यांची माहिती असते, शासनाकडे आकडे असतात, व्यावसायिकांकडे सांगण्याचे कौशल्य असते. ही तिन्ही एका टेबलाशी बसवण्याचे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला करता येईल. त्यासाठी माणसांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक आजच, साथ नसताना, एका वहीत उतरवून ठेवावे लागतील.