घरांना कमाल मर्यादा का नसावी?

निलंगा तालुक्यात ज्याच्या हाती चार पैसे शिल्लक उरतात, त्याची नजर आता पुण्याकडे वळते. बागायतदार असो, कंत्राटदार असो की प्राध्यापक, कोथरूडसारख्या प्रस्थापित मध्यमवर्गीय वस्तीत एखादी सदनिका 'घेऊन ठेवणे' हे शहाणपणाचे लक्षण मानले जाते. तिथे राहायचे नसते. भाव वाढेपर्यंत थांबायचे असते. तेरणा-मांजरेच्या काठची बचत अशी तालुक्याबाहेर वाहून जाते. तिच्यातून येथे ना तेलगिरणी उभी राहते, ना एका हाताला काम मिळते.

हा भाव वाढतो तरी कोणाच्या श्रमाने? वनाझ ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, ती सार्वजनिक पैशातून. रस्ते, नळ, दिवे महानगरपालिकेचे. घरमालकाने त्यासाठी घमेलेही उचललेले नाही. तरी वाढलेले मोल त्याच्या खिशात जाते. उलट ज्याने घाम गाळून सोयाबीन पिकवले, त्याला २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपयांचा हमीभावही बाजारात मिळाला नाही.

कायद्याचा न्यायही असाच दुटप्पी आहे. कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची कमाल मर्यादा आहे. शहरी जमिनीसाठी १९७६ साली कमाल धारणा कायदा झाला. सवलतींच्या वाटांनी तो पोखरला गेला, हे खरे. पण त्या वाटा बुजवण्याऐवजी राज्य सरकारने २००७ मध्ये कायदाच पुरून टाकला. २०१९ च्या अर्थसंकल्पाने तर स्वतःसाठी राखून ठेवलेल्या दुसऱ्या घराच्या कल्पित भाड्यावरील प्राप्तिकरही माफ केला. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती, याचे कोणाला सोयरसुतक नव्हते.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर मात्र याच शासनाने काटेकोर माप लावले होते. पुनर्वसित गावांत भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५०. गरिबाच्या निवाऱ्याला फूटपट्टी आणि श्रीमंताच्या कुलूपबंद घराला करमाफी, ही कोणती समता?

यावर विचारले जाईल : शिक्षकाने, कारकुनाने म्हातारपणासाठी दुसरे करावे तरी काय? प्रश्न रास्त आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना राज्याने जुने निवृत्तिवेतन नाकारले; म्हणून भिंतींनाच निवृत्तिवेतन समजण्याची पाळी आली. पण त्याचे उत्तर सर्वांना निवृत्तिवेतन हे आहे, शेजाऱ्याचे घरभाडे वाढवणे हे नव्हे. त्याच्या दुसऱ्या घराने चढलेला भाव उद्या पुण्यात नोकरी शोधणाऱ्या त्याच्याच मुलाला भोवणार आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत : रिकाम्या घरांवर चढता कर, शहरांत सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे आणि तालुक्याच्या बचतीला तालुक्यातच वाव देणारे सहकारी प्रक्रिया उद्योग. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व शेताला लागू असेल, तर राहील त्याचे घर, हे शहराला का लागू नसावे?