शीतलेचे पथ्य

आज श्रावण शुद्ध सप्तमी. कालच रांधून ठेवलेला दहीभात आज शीतलामातेपुढे येईल, चुलीस विश्रांती मिळेल, आणि घरोघरच्या सुवासिनी हाती अक्षता घेऊन शिळासप्तमीची कहाणी ऐकतील. परवाच नागपंचमी झाली. या दोन तिथींत अंतर अवघे दोन दिवसांचे. त्यांच्या नावांची आठवण देणारी दोन दुखणी मात्र, मुलांच्या कांजिण्या आणि वयस्कांची नागीण, आयुष्याच्या दोन टोकांना बसलेली असतात. ती दोन्ही एकाच विषाणूची करणी आहेत हे मला साठी उलटल्यावर, आणि तेही स्वतःच्या चुकीमुळे कळले. नारदाच्या गादीवर उभे राहून जन्मभर इतरांचे दोष सांगितले. आज एक स्वतःचा सांगतो.

गेल्या वर्षी आषाढी आटोपून मी पंढरपुराहून पुण्यास, वारजे येथे, कन्येच्या घरी आलो. मुठेच्या काठचे हे एके काळचे खेडे आता महामार्गाच्या दोन्ही अंगांनी इमारतींनी भरून गेले आहे. तथापि तेथील देवळांतला श्रावण अजून टिकून आहे, आणि अशाच एका देवळात सप्तमीपर्यंत माझी कीर्तनसेवा ठरली होती. निघण्याच्या आधीपासूनच डाव्या बरगडीखाली आग होत होती. मग पाठीपासून छातीपर्यंत पट्ट्यासारखे फोड उठले. एका स्नेह्याने नागीण ओळखली, गेरूचा लेप दिला, दंडाला मंतरलेला दोरा बांधला, आणि नागिणीचे तोंड व शेपूट मिळू देऊ नका, मिळाले तर माणूस जातो, असे बजावले. डॉक्टरकडे जावे असे मनातही आले नाही. वारज्यास पोहोचलो त्या सायंकाळी चार वर्षांचा नातू मांडीवर येऊन बसला, माझे उपरणे सरले, आणि "आजोबा, हे काय झालं?" म्हणत त्याने ओल्या फोडांना बोट लावले. मी हसलो आणि त्याला पोटाशी धरले.

पंधरा दिवसांनी, नेमक्या सप्तमीच्या सकाळी, त्याला न्हाऊ घालताना कन्येच्या लक्षात आले की अंग कढत आहे आणि पोटावर, पाठीवर, केसांतसुद्धा पाण्याने भरलेले फोड आले आहेत. विहीणबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "बुवा, देवी आपल्या तिथीला आपणहून आल्या हो घरी!" त्यांनी लागलीच दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला आणि घरात फोडणी वर्ज्य केली. येथवर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण पुढे त्यांनी तीन गोष्टी ठरविल्या. डॉक्टरला दाखवावयाचे नाही, देवी कोपते. सायंकाळी मुलाला देवळात नेऊन देवीची ओटी भरावयाची. आणि शेजारीपाजारी वाच्यता करावयाची नाही. घरातील धाकटी सून पाचव्या महिन्यात होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सारे ऐकत होती.

विहीणबाईंसारखी श्रद्धावान व प्रेमळ माउली हे बोलते तेव्हा तिला अडाणी म्हणून हिणवणे हा उद्धटपणा होय. तिच्या मनात जी भीती आहे ती खरी आहे. फक्त तिचा विषय आता जगात उरलेला नाही. आपल्या भाषेत 'देवी' हे ज्या रोगाचे नाव होते तो रोग कांजिण्यांहून वेगळा. त्याने घरेच्या घरे ओस पाडली, वाचलेल्यांचे डोळे नेले, चेहऱ्यावर जन्माचे व्रण ठेवले. मुंबईत १४ जून १८०२ रोजी आना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. ती लस बगदाद, बसरा असा दूरचा मार्ग आक्रमून आली होती, आणि मुंबईहून ती पुण्यासही पोहोचली. पुढे पावणेदोनशे वर्षे झगडावे लागले. १९७५ साली तर देवीचा रोगी दाखवील त्यास एक हजार रुपयांचे बक्षीस सरकारने लावले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारतातील शेवटचा रोगी आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे घोषित केले.

माझ्या डाव्या दंडावर त्या लसीचे दोन वाटोळे व्रण आहेत. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या असतील. आमच्या लहानपणी लस टोचण्यास 'देवी काढणे' म्हणत. हा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. ज्या समाजाने सुईच्या टोचणीलाच देवीचे नाव दिले, त्याने लस म्हणजे देवीचा अवमान असे मानले असेल तर ते थोडाच काळ. आमच्या आज्यांनी तो प्रश्न केव्हाच निकालात काढला होता, आणि आम्ही तो पुन्हा उकरून बसलो आहोत.

आता शास्त्राचे काय म्हणणे आहे ते पाहू. मसुरीच्या डाळीएवढे फोड येतात म्हणून आपल्या वैद्यकाने या वर्गाच्या रोगांना मसूरिका म्हटले. माधवनिदानात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात शीतलेचा विचार येतो. स्कंदपुराणातले म्हणून जे शीतलास्तोत्र सांगतात, त्यात मातेचे रूप कसे वर्णिले आहे? ती गाढवावर बसलेली आहे, तिच्या हाती केरसुणी व कलश आहे आणि मस्तकी सूप आहे. तलवार नाही, त्रिशूळ नाही. झाडणे, पाखडणे, थंडावा देणे, ही आपल्या आईची रोजची कामे तिने हाती धरली आहेत. औषधावर कोपणारी देवता असे रूप का घेईल? स्तोत्रात रोग्याने वैद्याचे तोंड पाहू नये असे सांगितल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

याहून महत्त्वाचे वचन सुश्रुतसंहितेत आहे. निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस सुश्रुताचार्य काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जातात ते सांगतात: सहवासाने, अंगाच्या स्पर्शाने, श्वासाने, एकत्र भोजनाने, एका शय्येवर वा आसनावर बसल्याने, दुसऱ्याचे वस्त्र, माळ, उटी वापरल्याने. कुष्ठ आणि ज्वर यांची नावे घेऊन ते हे सांगतात. हा भाग मी विद्यार्थ्यांना कितीदा शिकविला असेन! परंतु ओले फोड अंगावर असताना नातवाला कवेत घेताना मला तो आठवला नाही. पाठांतर आणि ज्ञान यांत असे अंतर पडते.

धाकट्या सुनेने शेवटी धीर केला आणि म्हणाली, "बुवा, आपण सांगितलंत तर सासूबाई ऐकतील." मी सांगितले. आम्ही जवळच्या डॉक्टरबाईंकडे जाण्यास निघालो. त्यांनी फोनवरूनच मागच्या दाराने येण्यास सांगितले, कारण बाहेर इतर रुग्ण बसले होते. मुलाला पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात नुकतीच कोणाला नागीण झाली होती का?" मी सदऱ्याची गुंडी सोडून खपल्या दाखविल्या.

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण तो विषाणू देह सोडीत नाही. पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळांशी तो वर्षानुवर्षे निजून राहतो. वय झाले, शरीराची प्रतिकारशक्ती उणावली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो पुन्हा त्वचेवर येतो. तीच नागीण. मज्जातंतू एका बाजूपुरता असतो, म्हणून पट्टा बहुधा मध्यरेषा ओलांडीत नाही. तोंड-शेपूट मिळण्याची कथा त्यातूनच निघाली असावी. नागिणीच्या फोडांतील पाणी, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही मिळालेली नाही अशास लागले, तर त्याला कांजिण्या होतात. नागिणीवरचे औषध पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर गुण अधिक येतो. ते तीन दिवस मी गेरू लावण्यात घालविले.

कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून दहा ते एकवीस दिवसांनी पुरळ दिसते. रोगी मात्र पुरळ उठण्याच्या एकदोन दिवस आधीपासून, सगळे फोड खपल्या धरीपर्यंत, श्वासावाटे आणि फोडांतील पाण्यावाटे रोग देत असतो. हे ऐकताच कन्येचा चेहरा उतरला. दोन दिवसांपूर्वी नागपंचमीस इमारतीच्या आवारात झोका बांधला होता, आणि आमचा नातू दहाबारा मुलांबरोबर त्यावर खेळला होता.

बहुतेक मुले आठपंधरा दिवसांत बरी होतात, हे खरे. म्हणूनच आपण या रोगाला हसण्यावारी नेतो. पण प्रौढांना तो जड जातो, फुप्फुसांत उतरू शकतो. गरोदर स्त्री, नवजात अर्भक, कर्करोगाचे वा तत्सम उपचार घेणारा रुग्ण यांच्या तर तो जिवावर बेतू शकतो. झोक्यावरच्या त्या दहाबारा मुलांच्या घरी कोण कोण होते हे आम्हांस कोठे ठाऊक होते? तेव्हा ओटी भरण्यास त्या सायंकाळी मुलाला देवळात नेणे म्हणजे काय झाले असते याचा विचार वाचकांनीच करावा. देवळात गर्भवती येतात, कडेवरची बाळे येतात, माझ्यासारखे म्हातारे येतात. २०२० साली माउलींच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरीस आल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले. विठ्ठल कोणावर रुसला नाही. पूर्वी घरात देवी आल्या की त्या घरी पाहुणा जात नसे, घरचा माणूस बाहेर जेवत नसे, मुलाला वेगळ्या खोलीत निंबाच्या पाल्यावर निजवीत. शीतलेचे खरे पथ्य हे आहे. आपण त्यातील डहाळा ठेवला आणि विलग राहणे मात्र सोडून दिले.

उपचारही फार नाहीत, पण जे आहेत ते नेमके आहेत. नखे कापावीत, कारण खाजवून फोड चिघळतात. कोमट पाण्याने स्नान घालण्यास हरकत नाही. निंबाचा पाला त्यात घातला तरी चालेल, मात्र त्याला औषध समजू नये. तापासाठी डॉक्टर सांगतील त्या मापाने पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलाला कदापि देऊ नये. त्याने या रोगात मेंदू व यकृत यांना घातक इजा होऊ शकते. धाप लागली, मूल गुंगीत राहू लागले, वांत्या थांबेनात, फोडांभोवती लाल सूज पसरली, तर मुहूर्त पाहत बसू नये.

लसीविषयी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मिचिआकी ताकाहाशी या जपानी वैद्याच्या लहान मुलाला कांजिण्या होऊन तो अत्यवस्थ झाला होता. मुलाच्या उशाशी बसलेल्या त्या पित्याने याच रोगाच्या मागे लागण्याचे ठरविले, आणि १९७४ साली त्याने लस सिद्ध केली. ती वर्षाच्या पुढील मुलांना दोन मात्रांत देतात. आपल्या सरकारी मोफत लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, कांजिण्यांची नाही. ती पदरचे पैसे मोडून घ्यावी लागते, आणि ती सर्वांना परवडत नाही हेही मान्य केले पाहिजे. पण जी मोफत मिळते तिचे तरी आपण काय करतो? गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि मुले दगावली. वारज्याहून चांदणी चौक ओलांडून थोडे पुढे गेले की पाषाणास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे आवार लागते. १९५२ पासून ही संस्था पुण्यात विषाणूंचा अभ्यास करीत आली आहे, आणि तिच्या अंगणात राहणारे आम्ही दंडाला दोरे बांधतो.

शेजाऱ्यांना कळविण्याचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. "लोक नावं ठेवतील," असे विहीणबाई म्हणत राहिल्या. डॉक्टरबाईंनी सांगितले होते की संसर्ग झाल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांच्या आत लस दिली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणजे लपविलेला प्रत्येक दिवस त्या मुलांच्या वाट्यातून जात होता. हे समजल्यावर विहीणबाई बराच वेळ देवघरासमोर बसल्या, मग उठल्या आणि स्वतःच एकेका घरी फोन करू लागल्या. माझी नागीण तोवर वाळली होती, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने मी सायंकाळी कीर्तनास उभा राहिलो, आणि उत्तररंगात आख्यान न लावता घरात घडलेले सांगितले. कोणी नावे ठेवली नाहीत. दोन गर्भवती मात्र आपल्याला कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे आईला विचारून घेण्यासाठी उठून बाहेर गेल्या.

आमच्या धाकट्या सुनेला तशी आठवण नव्हती. गरोदरपणी ही लस देत नाहीत. आधी रक्त तपासून अंगी प्रतिकारशक्ती आहे का ते पाहतात, आणि नसल्यास तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात. अहवाल येईपर्यंतचे ते दीड दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. अहवालात तिला लहानपणी नकळत कांजिण्या होऊन गेल्याचे निघाले. झोक्यावरच्या मुलांपैकी पाच जणांना लस मिळाली. दोघांना पुढे फोड आले, ते बरे झाले.

नातवाच्या साऱ्या खपल्या वाळल्यावर विहीणबाईंनी दहीभाताचा नैवेद्य केला आणि राहिलेली ओटी भरावयास त्या त्याला बरोबर घेऊन गेल्या. माझे दुखणे मात्र वाळले तरी शमले नाही. आजही पूर्वरंग संपत आला की डाव्या बरगडीखाली तीच आग उठते, आणि झांज मला उजव्या हातात घ्यावी लागते.