प्रोजेक्ट फायनल इयरलाच का?

'प्रोजेक्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फायनल इयर, चौघांचा ग्रुप, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं आणि चौघांपैकी एकालाच ठाऊक असलेला कोड. पूर्वी तो विकत आणावा लागे, आता चॅटजीपीटी फुकटात लिहून देतो. एक्स्टर्नलने "हे टेबल कशाला?" विचारलं की तिघं त्या एकाकडे बघतात!

माझं म्हणणं सरळ आहे. डीबीएमएससारखा विषय पहिल्या आठवड्यापासून प्रोजेक्टमधूनच शिकवावा. त्यातही 'लायब्ररी मॅनेजमेंट' नको, ते प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये तयार आहे. आपल्या मेसचं रजिस्टर घ्या ना! नाव, रूम नंबर, तारीख, हजेरी. आता महिन्याच्या मध्येच कुणी रूम बदलली, तर किती ओळी खोडायच्या? एक जरी राहिली तरी एकाच पोराची दोन बिलं निघणार. नॉर्मलायझेशनच्या व्याख्या घोकून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे शिरतं, कारण बिल चुकलं की मेसवाले काका समोर उभे! फीस्टचं शेवटचं कुपन दोघांनी एकाच क्षणी बुक केलं तर? झाला ट्रान्झॅक्शनचा धडा सुरू.

कुणी म्हणेल, ही परदेशी फॅडं आहेत. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ पासून असं शिकवतं, हे खरं. पण आपल्या शेजारच्या वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिथूनच 'नई तालीम' निघाली. हाताच्या कामातून बाकीचे विषय शिकवायचे, हेच तर तिचं सूत्र! पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' ठेवलं. तिथेही तो वेगळा विषय झाला, विषय शिकवण्याची रीत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

सर म्हणतील, "बाबा रे, सत्तर पोरं, शिक्षक एक, सिलॅबस कधी संपवू?" रास्त आहे. म्हणून सगळ्या वर्गाला प्रश्न एकच द्यावा. दर आठवड्याला प्रत्येक ग्रुपमधून चिठ्ठी काढावी. ज्याचं नाव निघेल त्याने पाच मिनिटं उभं राहून समजवायचं, मार्क मात्र चौघांना. अठरा ग्रुप, दीड तास. एवढं एका प्रॅक्टिकलमध्ये बसतं. कोड कुणीही लिहून देवो, उभं राहायला कोण देणार? फुकट्या मेंबरला शिकवायचं कामही मग ग्रुपच करेल, झक मारून!

पुढच्या सेमला निदान एका बॅचवर करून बघा, सर. मेसचं रजिस्टर मिळवायची जबाबदारी आमची.