जनरल आला, जनरल गेला



17 सप्टेंबर जवळ आला की घाटकोपरच्या हायवेला बॅनर लागतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. वर सरदार पटेल, स्वामी रामानंद तीर्थ, आणि खाली नगरसेवक व्हायला निघालेली बारा-पंधरा टाळकी, गॉगल लावून. पण ज्या माणसानं 1948 साली प्रत्यक्षात रणगाडे आत घातले आणि मग पंधरा महिने मराठवाड्यावर एकट्याच्या सहीनं राज्य केलं, त्याचा फोटो मी एकाही बॅनरवर पाहिलेला नाही. आमच्या वस्तीत निम्मी घरं मराठवाड्याची. बाहत्तरच्या दुष्काळात भाकरीच्या मागं आलेली. त्यांतल्या पोरांना विचारलं, जनरल चौधरी कोण? एकाला सांगता आलं नाही. माझ्या आजीला मात्र बरोबर ठाऊक. ती म्हणते, "चौधरीसायेब. निजामाच्या जागी बसला हुता त्यो."

म्हणून या अंकाचं संपादकीय या चौधरीसायबावर.

जयंतनाथ चौधरी. जन्म 1908, बंगाली बड्या घरातला. आईचे वडील व्योमेशचंद्र बॅनर्जी, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. शाळा लंडनची, लष्करी शिक्षण सँडहर्स्टचं. 1928 ला इंग्रजाच्या फौजेत अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर घोडदळाच्या पलटणीचा, म्हणजे तोवर चिलखती गाड्यांच्या पलटणीचा, कमांडर. इंग्रज गेला तेव्हा हा माणूस वर चढायच्या शिडीवर अर्ध्यात होता आणि शिडी तशीच उभी राहिली. वर युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, एवढंच. यात चौधरीचा दोष नाही. सगळी नोकरशाही, सगळी फौज, सगळी कचेरी तशीच इंग्रजाकडून भारत सरकारकडं आली. गोदीत बोटीचा झेंडा बदलतो, कंपनी बदलते, गोणी त्याच पाठीवर असते.

13 सप्टेंबर 1948 ला मेजर जनरल चौधरीची आर्मर्ड डिव्हिजन सोलापूरकडून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. दुसऱ्या फौजा औरंगाबादच्या बाजूनं आणि विजयवाड्याच्या बाजूनं शिरल्या. 17 तारखेला निजामानं हात वर केले, 18 ला त्याचा सेनापती एल एद्रूस चौधरीपुढं शरण आला. पाच दिवसांत खेळ खलास. रणगाडे, तोफा, विमानं, सगळं वापरलं आणि नाव दिलं 'पोलीस अ‍ॅक्शन'. हा शब्द मला लहानपणी कळायचाच नाही. आमच्या इकडं पोलीस अ‍ॅक्शन म्हटलं की डोळ्यासमोर येते 11 जुलै 1997 ची रमाबाई नगरची सकाळ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव दलानं गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. सरकारचं शब्दांचं कसब असं असतं. जिथं फौज घुसते तिथं म्हणतात पोलीस, आणि जिथं पोलीस घुसतात तिथं फौजेसारखं वागतात.

असो. निजामाची राजवट जाणं वाईट होतं का? मुळीच नाही. वेठबिगार, जहागीरदार, देशमुख, आणि शेवटी कासीम रझवीचे रझाकार. हा रझवी लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावंच्या गावं लुटली, हे खोटं नाही. आणि आपल्याला न आवडणारी गोष्टही इथंच बोलून टाकू. आपल्यातले काहीजण त्या बाजूला होते. बी. एस. वेंकटराव हे दलितांचे पुढारी लायक अलीच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. औरंगाबादचे श्यामसुंदर निजामाची बाजू घेऊन युनोत गेलेल्या शिष्टमंडळात होते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच जाहीर सांगितलं होतं, हैदराबादच्या अस्पृश्यांनी निजामाच्या आणि इत्तेहादच्या नादी लागू नये, धर्म बदलू नये. बऱ्याच जणांनी ऐकलं. काहींनी नाही ऐकलं. का नाही ऐकलं, हे मात्र ब्राह्मण-मराठ्यांच्या मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत सापडत नाही. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी नाही, त्याला 'हिंदूंची मुक्ती' ऐकून काय उकळी फुटणार? कोणीतरी चार एकर पडीक जमिनीचा पट्टा हातात दिला, तो त्याला जवळचा वाटला.

माझ्या पणज्याला असाच पट्टा मिळाला होता. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, 2023 पासून धाराशिव. कागद उर्दूत, त्याला वाचता येत नव्हता. वाचता आला नाही तरी पेटीत चादरीत गुंडाळून ठेवला होता. पणजा रझाकार नव्हता. त्यानं आयुष्यात हातात धरलेलं सर्वांत मोठं हत्यार म्हणजे कुऱ्हाड, तीही पाटलाच्या सरपणासाठी.

आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. तिचं सांगणं तिच्याच शब्दांत देतो. "मिल्ट्री आली तवा आमी जोंधळ्यात दडून बसलो. मिल्ट्रीनं आमाला कायबी क्येलं न्हाई. एका सोजीरानं तर मला गूळ दिला. मिल्ट्री फुडं गेली, मंग पाटलाची मानसं आली. म्हनली, तुमी रझाकाराची. बापाला चावडीफुडं बांधलं. मशिदीजवळची चार घरं तर आदीच जळली हुती." पट्टा पेटीसकट गेला. चार एकर पाटलाच्या बांधात आली. पणजा त्याच रानात सालगडी राहिला. म्हणजे मुक्ती झाल्यावर त्याच्या आयुष्यात बदल एवढाच झाला, की आधी ते रान त्याचं होतं.

आजीचं म्हणणं एका म्हातारीची आठवण म्हणून सोडून द्यायचं असेल तर द्या. पण सरकारनंच पाठवलेल्या समितीचं काय? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार, मौलाना अब्दुल्ला मिसरी. हे तिघं नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये गावोगाव हिंडले. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर किमान 27 हजार ते 40 हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज. बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. चारांतले दोन आज महाराष्ट्रात. काही ठिकाणी फौजेतले आणि पोलिसांतले लोक लुटीत सामील होते, असंही त्यांनी लिहिलं. काही ठिकाणी फौजेनं मुसलमानांना वाचवलं, तेही लिहिलं. जनरल चौधरीला त्यांनी व्यक्ती म्हणून बोल लावला नाही, उलट जातीय द्वेष नसलेला माणूस म्हटलं. अहवाल सरकारनं दाबला. कित्येक दशकं तो कपाटात होता, साधारण 2013 च्या सुमारास दिल्लीच्या एका ग्रंथालयात सामान्य माणसाला बघायला मिळू लागला. शाळेच्या इतिहासात तो आजही नाही. मी मॅट्रिक झालो, मला एक ओळ कोणी शिकवली नाही.

आता जनरल भला माणूस होता, हे मी मान्य करतो. भांडण त्याच्या भलेपणाशी नाही. प्रश्न असा की एका भल्या माणसाच्या हातात सगळी सत्ता होती, ना विधानसभा, ना निवडणूक, ना पुढाऱ्यांची कटकट. मुलकी कारभाराला बाखले नावाचे आय.सी.एस. अधिकारी जोडीला. मग झालं काय? मोठी कामं झाली, नाही असं नाही. निजामाची खासगी मिळकत, ज्याला सर्फ-ए-खास म्हणत, ती सरकारात आली. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द करणारा कायदा निघाला. हे निवडून आलेल्या सरकाराला जमलं असतं का, शंका आहे. पण जहागीरदाराला भरपाई मिळाली. निजाम तनखा घेत 1950 पासून राजप्रमुख म्हणून पुन्हा बसला. आणि जहागिरीच्या खालची जी पायरी, देशमुख, पाटील, सावकार, तिला जनरलच्या सहीचा धक्काही लागला नाही. ती पायरी तर उलट वर सरकली. वरचा मुसलमान जहागीरदार गेला, त्याच्या रिकाम्या गादीवर गावचा पाटील बसला, आणि बसताना पाय आमच्याच अंगावर ठेवले.

तेलंगणात तर उघडच झालं. तिथं शेतमजुरांनी कम्युनिस्टांच्या संघमच्या जोरावर देशमुखांच्या जमिनी वाटून घेतल्या होत्या. निजाम शरण आल्यावर फौज परत गेली नाही, ती त्या शेतमजुरांवर वळली. लष्कराच्या गाडीमागून पळालेले जमीनदार गावात परत आले. हा लढा 1951 च्या ऑक्टोबरपर्यंत चालला. तोवर चौधरी केव्हाच पुढच्या हुद्द्यावर गेला होता.

1949 च्या डिसेंबरात त्यानं हैदराबाद सोडलं. कारभार वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याकडं आला. चौधरीची शिडी पुढं चालूच. डिसेंबर 1961 ला गोवा घेतला तेव्हा दक्षिण कमांड त्याच्याच हाताखाली. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा 19 तारखेला शरण आला, आणि तिथं मिलिटरी गव्हर्नर म्हणून बसला मेजर जनरल कँडेथ, 1962 च्या जूनपर्यंत. पुन्हा तीच रीत. नोव्हेंबर 1962 ला चीनकडून मार खाल्ल्यावर चौधरी लष्करप्रमुख झाला. 1965 चं पाकिस्तानशी युद्ध त्याच्याच कारकिर्दीत झालं. 1966 ला निवृत्त, मग कॅनडात हायकमिशनर, पद्मविभूषण, 1983 ला मृत्यू. डाग नसलेली कारकीर्द. या माणसाच्या आयुष्यात मराठवाडा म्हणजे पंधरा महिन्यांचं एक पोस्टिंग. आमच्या आयुष्यात ते पोस्टिंग अजून संपलेलं नाही.

कारण त्या गावांतली सत्ता जशी 1948 ला गोठली तशीच पुढं आली. बाबासाहेबांनी 1950 ला औरंगाबादला कॉलेज काढलं ते हे ओळखूनच. 1953 ला मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी गायरानासाठी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्याच नांदेड-परभणीकडं महारवाडे पेटले. पोचीराम कांबळे मारला गेला. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या सोळा वर्षांत 'मुक्त' मराठवाड्यात जी आग लागली ती कुठल्या रझाकारानं लावली होती, कुणी सांगेल?

आता ताजं. 2023 साली सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर निजामाच्या जुन्या दप्तरांत मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणं. उर्दू वाचणारे बसवले, मोडी वाचणारे बसवले. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, तेव्हा आझाद मैदान आणि सीएसटी माणसांनी भरलेलं मी पाळीवर जाताना पाहिलं. त्यातली पायात चप्पल नसलेली पोरं माझ्यासारखीच होती, त्यांच्याशी माझं वैर नाही. त्यांना मिळायचं ते मिळो. पण माझा साधा सवाल आहे. निजामाचा कागद कुणब्यासाठी चालतो, तर तोच निजामाचा कागद माझ्या पणज्याच्या चार एकरांसाठी का चालत नाही? ज्या कपाटात कुणबी सापडतो त्याच कपाटात आमचे पट्टे असणार. ते शोधायला कोणती समिती नेमली?

मी या मे महिन्यात गावाकडं गेलो होतो. कचेरीत 1954 चा खासरा मागितला. तिथल्या माणसानं आधी आडनाव विचारलं, मग म्हणाला, साहेब नाहीत, सोमवारी या. सोमवारी माझी गोदीत पाळी. मी परत आलो. आजी म्हणाली, "तुझा पणजाबी असाच सोमवारी जायचा."

तर ज्यांची मुळं मराठवाड्यात आहेत त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना या महिन्यात बसवून विचारा. पट्टा होता का, गट नंबर कोणता, उर्दू कागद कुठल्या पेटीत गेला, कुणाच्या बांधात रान आलं. लिहून काढा. घाटकोपर, मुलुंड, भांडुपची पोरं आपल्या बुद्धविहारात दर रविवारी संध्याकाळी बसतात, तिथं आणा. उर्दू वाचणारा एक दोस्त कुर्ल्याहून यायला तयार आहे. पुढच्या अंकात जेवढे पट्टे सापडतील तेवढे गावाच्या नावासकट छापू.