आवड श्रोत्याची, हिशेब कोणाचा?

२०१९ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या आवडत्या गाण्यांची वार्षिक यादी प्रसिद्ध केली. बियॉन्से, लिझो, ब्रुस स्प्रिंगस्टीन अशा जगद्विख्यात नावांच्या पंगतीत प्रतीक कुहाड या भारतीय तरुणाचे ‘कोल्ड/मेस’ हे इंग्रजी गीतही होते. न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकलेल्या या गायकाचे हे गीत कोणत्याही चित्रपटातले नव्हते. खरे तर ते २०१८ चे. म्हणजे काटेकोर परीक्षकाने ते यादीबाहेरच ठेवले असते. परंतु श्रोता गाण्याची जन्मतारीख विचारीत नाही. ज्या वर्षी ते त्याला भेटले, ते त्याच्या लेखी त्याच वर्षाचे.

वर्षअखेरीस अशा याद्या करण्याचा छंद आता घरोघरी पोचला आहे. तो निरुपद्रवी आहे यात शंका नाही. तथापि या याद्यांच्या निमित्ताने एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : श्रोत्याने ज्या गायकाला वर्षभर आपला मानले, त्याच्यापर्यंत श्रोत्याचा पैसा पोचतो काय?

पन्नास वर्षांपूर्वी याचे उत्तर सोपे होते. श्रोता तबकडी विकत घेई आणि त्या किमतीतला वाटा, थोडा का होईना, त्याच तबकडीच्या कर्त्यांकडे जाई. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या वाद्यवृंदाने सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेस प्रती काढल्या अवघ्या एक हजार. त्या हातोहात खपल्या, पुन्हा काढाव्या लागल्या. आणि मोठ्या कंपनीच्या दारात ताटकळत न बसताही गाणे लोकांपर्यंत नेता येते, हे इंग्लंडमधील शेकडो तरुणांना उमगले. ‘इंडी’ हा शब्द आज एका विशिष्ट धाटणीच्या गाण्याला लावला जातो. मुळात तो व्यापारातला शब्द आहे. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र तबकड्यांची खपयादी सुरू झाली, तेव्हा तीत प्रवेश मिळण्याची अट गाण्याच्या चालीची नव्हती, वितरणाची होती : तबकडी बड्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानात आलेली हवी.

खपयादीच्या जोडीला श्रोत्यांचीही यादी होती. बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील हे निवेदक १९७६ पासून श्रोत्यांची मते मागवून नाताळच्या सुमारास पन्नास गाण्यांची मालिका सादर करीत. पुढे ती केवळ त्या त्या वर्षाच्या गाण्यांची झाली. १९८३ च्या मालिकेत अग्रस्थान मिळाले ते ‘न्यू ऑर्डर’च्या ‘ब्लू मंडे’ला, एका स्वतंत्र कंपनीच्या तबकडीला. (आपल्याकडील जुन्या पिढीला येथे अमीन सयानींची बुधवारची गीतमाला आठवल्यावाचून राहणार नाही, तिथेही विक्रीच्या आकड्यांबरोबर श्रोता संघांच्या मताला स्थान होते.) पील यांना मत कळविणाऱ्याने ते गाणे वर्षात दहा वेळा ऐकले की हजार वेळा, ही चौकशी कोणी केली नाही. आवड ही संख्येने मोजायची वस्तू आहे असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते.

आज ती तशी मोजली जाते. स्पॉटिफायसारख्या सेवेचा श्रोता दरमहा वर्गणी भरतो. त्या उत्पन्नाचा सुमारे दोनतृतीयांश भाग हक्कधारकांना जातो, असे कंपनी सांगते. मात्र हा भाग एका सामाईक निधीत जमा होतो आणि एकूण श्रवणांतील वाट्यानुसार वाटला जातो. समजा, दोनच वर्गणीदार आहेत आणि प्रत्येकाच्या वर्गणीतले ऐंशी रुपये या निधीत पडतात. पहिला महिन्यात नऊशे वेळा गाजलेली गाणी लावतो. दुसरा शंभर वेळा एकाच अपरिचित गायिकेला ऐकतो. एकशे साठ रुपयांपैकी त्या गायिकेच्या नावे सोळा रुपये पडतात. तिच्या श्रोत्याचे उरलेले चौसष्ट रुपये त्याने कधीही न ऐकलेल्या गायकांकडे जातात. चोरी येथे कोणी केलेली नाही. नियमच तसा आहे. परंतु ज्याला आपण ग्राहकाची निवड म्हणतो, ती या व्यवहारात कोठे उरली?

२०२४ पासून या कंपनीने आणखी एक अट घातली. ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणे लाभली नाहीत, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला शून्य. ती रक्कम इतर गाण्यांत वाटली जाणार. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. अशा गाण्यांच्या वाट्याला येणारे पैसे इतके किरकोळ की ते गायकापर्यंत पोचतच नाहीत, आणि बनावट गाणी चढवून कमाई करणाऱ्यांनाही आळा हवा, असे तिचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. तरीही अल्प मोबदला आणि शून्य मोबदला यांत केवळ रकमेचा फरक नसतो. हक्क मान्य करणे आणि नाकारणे यांचा तो फरक आहे. एके काळी एक हजार प्रतींनी एका चळवळीचा पाया घातला. आज एक हजार श्रवणांच्या आत जमाखात्यात नावसुद्धा नाही.

प्रत्येक श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या गायकांतच वाटावी, हा पर्याय नवा नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही स्वतंत्र कलावंतांपुरता तो अमलात आणला. त्याने सर्वच गरीब गायक श्रीमंत होतील असे मुळीच नाही. ज्याला श्रोतेच थोडे, त्याला पैसेही थोडेच मिळणार. या पर्यायावर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र चमत्कारिक आहे. लक्षावधी खात्यांचा निराळा हिशेब ठेवणे खर्चाचे व किचकट, असे सांगितले जाते. मग दर वर्षअखेरीस स्पॉटिफाय प्रत्येक श्रोत्याला त्याने कोणते गाणे किती वेळा ऐकले, कोणत्या गायकाला किती मिनिटे दिली, याची रंगीबेरंगी यादी पाठविते, ती कोणत्या वहीतून? हिशेब रोजच्या रोज ठेवला जातो, श्रोत्याला तो कौतुकाने दाखविलाही जातो. केवळ पैसे वाटताना ती वही मिटली जाते.