चिठ्ठी नको, कसब हवे
(एक सभासद)



गळीत हंगाम संपला, धुराडे थंड झाले, की कारखान्यावर एक निराळीच वर्दळ सुरू होते. कोणी मुलाला घेऊन येतो, कोणी भाच्याला. हातात कोणाची तरी चिठ्ठी असते आणि तोंडी एकच मागणे, "साहेब, पोरगं बारावी झालंय, कुठंतरी चिकटवा." ज्याने वर्षानुवर्षे या गव्हाणीत ऊस टाकला त्याने हे मागावे यात गैर काही नाही. पण सगळी मेख त्या 'कुठंतरी' शब्दात आहे. कुठंतरी चिकटलेला मुलगा जन्मभर कुठंतरीच राहतो.

कारखान्याला कारकून लागून लागून किती लागणार? काट्यावरच्या पावत्या आणि उसाची बिले आता संगणक करतो. वाढले आहे ते विजेचे काम. पूर्वी वाफेवर फिरणाऱ्या मिल आज बऱ्याच कारखान्यांत मोठ्या मोटरींवर चालतात. बगॅस जाळून वीज तयार होते, आपली गरज भागवून उरलेली ग्रीडला जाते. एक मोटर बंद पडली आणि चालवणारा माणूस जाणता नसला, तर गव्हाण थांबते, अड्ड्यावर गाड्या खोळंबतात आणि वाळणाऱ्या उसाचे वजन तुमच्या-माझ्या पदरातून जाते. म्हणजे चांगला इलेक्ट्रिशियन हा प्रश्न नोकरीचा तसा उसाचाही आहे.

आता वाट कशी आहे ते नीट पाहू. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यानंतर एखाद्या आस्थापनेत साधारण वर्षभर शिकाऊ उमेदवारी. परीक्षा देऊन प्रमाणपत्र. पुढे विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडचा तारतंत्री परवानाही काढता येतो. महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात दिली, तेव्हा इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्रीचा आयटीआय दाखला हीच त्यातली अट होती. तिथे कोणाच्या चिठ्ठीला किंमत नव्हती. आणि नोकरी नाही मिळाली तरी विहिरीवरच्या मोटरींचे रिवायंडिंग, घरांचे वायरिंग, आता गावोगाव बसणारे सौर पंप, ही कामे आहेतच.

या वाटेतली कच्ची पायरी आहे शिकाऊ उमेदवारीची. माझ्याच पुतण्याचे सांगतो. आयटीआय चांगल्या गुणांनी झाला आणि एका आस्थापनेत उमेदवारीला लागला. वर्षातले निम्मे दिवस त्याने चहा आणला, रजिस्टरे उचलली आणि साहेबांच्या बंगल्यावरचे पंखे पुसले. पॅनेल उघडे असे, तेव्हा त्याला लांब उभे करीत. वर्ष संपल्यावर हातात कागद आला, पण मेगर कसा लावावा हे विचारले तर पोरगा खाली मान घालू लागला. दोष त्याचा नव्हता. ज्याने शिकवायचे त्याने त्याला फुकटचा शिपाई समजले.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असतात. सहाशे माणसांच्या कारखान्याला हा हिशेब किमान पंधरा आणि जास्तीत जास्त नव्वद असा पडतो. सगळ्या विभागांचे मिळून, एकट्या विजेचे नव्हेत. त्यांना विद्यावेतन द्यावे लागते आणि योजनेत नोंद असेल तर त्यातला काही वाटा केंद्र सरकार उचलते. उमेदवारी पुरी झाली म्हणजे नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मात्र कायदा घालत नाही. परंतु २०१४ च्या दुरुस्तीने एक गोष्ट आणली : अशा उमेदवारांना नोकरीत घेण्याविषयीचे आपले धोरण प्रत्येक मालकाने ठरवले पाहिजे.

कारखान्याचा मालक कोण? आपण सभासदच. तेव्हा येत्या वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर हेही विचारावे, की आपले हे धोरण काय आहे. माझ्या सूचना तीनच. एक, उमेदवारांच्या जागा आणि पुढे भरायच्या जागा शेती विभागाच्या गट कचेऱ्यांतल्या फलकावर लागाव्यात आणि निवड हातकामाच्या परीक्षेने व्हावी. दोन, हंगामात चालू कारखाना आणि बंद काळात मोटरी, पॅनेले यांची दुरुस्ती, असे दोन्ही काम प्रत्येक उमेदवाराच्या हातून जावे व त्याची वही जबाबदार फोरमनने तपासावी. तीन, जागा निघाली तर आपल्याकडे नीट शिकलेल्याचा विचार आधी व्हावा, मग तो मोठ्या बागायतदाराचा असो की अर्ध्या एकरवाल्याचा.

कोणी म्हणेल, "चालू हंगामात नवी पोरं पायात येतात, उद्या अपघात झाला तर?" धोका खरा आहे. पण न शिकवल्याने तो टळत नाही, आपल्या विहिरीवर येतो. स्टार्टरला अर्थिंग नाही, फ्यूजच्या जागी जाड तार, डीपीवर ओल्या हाताने चढणारा गावचा 'माहीतगार'. आपल्यापैकी कितीजणांच्या वस्तीवर हे चित्र नाही?

थोडे आपल्याकडेही पाहू. मुलाने आयटीआय केले की 'शिक्षणात कमी पडला' असे आपणच म्हणतो आणि मुलीला तर तिकडे पाठवण्याचा विचारही करीत नाही, दार तिलाही उघडे असताना. बेणे निवडताना आपण डोळा पाहतो, कांड्याची जात पाहतो. मग पोरांच्या आयुष्याची लागण एका चिठ्ठीच्या भरवशावर का करावी?

निकाल लागला, की कारखान्याच्या कचेरीआधी आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करा. आणि सभेला या. तिथे हात वर करायला कोणाची शिफारस लागत नाही.