द्राक्षाची तपासणी होते, मजुराची कोण करणार?

पिंपळगाव बसवंत परिसरातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना आधी प्रयोगशाळेत जातो. त्यात कोणत्या औषधाचा किती अंश उरला आहे, हे यंत्रावर मोजले जाते. मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल अडतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून आपल्या द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले आणि सारा निफाड-दिंडोरी परिसर हादरला, हे वाचकांना आठवत असेल. तपासणी होते ही चांगलीच गोष्ट आहे. परदेशातील लेकराच्या पोटात विष जाऊ नये, याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या मजुराने त्या बागेत औषध मारले आणि ज्या बाईने ते घड विरळले, त्यांच्या रक्तात किती अंश उरला हे कोणी मोजले?

या प्रश्नाकडे वळण्याआधी थोडे विज्ञान समजून घेतले पाहिजे. कारण ‘औषध मारल्याशिवाय पीक येतच नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, झाड स्वतःचे रक्षण स्वतः करते हेच आपण विसरून गेलो आहोत. झाडाला पाय नाहीत. अळी आली म्हणून ते पळून जाऊ शकत नाही. म्हणून त्याने आपल्या अंगातच रसायनांचा कारखाना उभा केला आहे.

पिंपळगावच्या बाजार समितीत रोज ज्याचे ट्रॅक्टर रिकामे होतात, तो कांदाच घ्या. अख्खा कांदा हातात धरला तर डोळ्यांत पाणी येत नाही. कारण त्याच्या पेशीत गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि त्यावर काम करणारे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात ठेवलेले असते. सुरी लागली किंवा किड्याने दात लावला की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि झोंबणारा वायू तयार होतो. म्हणजे चावा बसेपर्यंत हत्यार बाहेर निघतच नाही.

टोमॅटोचे झाड याच्याही पुढे जाते. त्याच्या पानांत टोमॅटिन नावाचे कडू द्रव्य असते. कच्च्या फळातही ते असते आणि फळ पिकताना जवळपास नाहीसे होते. अळीने एक पान कुरतडले की काही तासांत त्याच झाडाची न कुरतडलेली पानेही सावध होतात. अळीला प्रथिने पचूच नयेत, असा पदार्थ त्या पानांत तयार होऊ लागतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात ग्रीन आणि रायन या संशोधकांनी १९७२ साली हे दाखवून दिले. मका आणि कपाशी तर अळीने खाल्ले की विशिष्ट वास सोडतात. त्या वासाने गांधीलमाशीच्या जातीचे बारीक कीटक येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात.

कपाशीच्या पानावर आणि बोंडावर बारीक काळे ठिपके दिसतात. त्यांत गॉसिपॉल हे विष साठवलेले असते. झाडाने ते स्वतःच्या ग्रंथीत बंद करून ठेवले आहे. कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारते आणि त्याला कात टाकू देत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जे नैसर्गिक ते पवित्र आणि निर्धोक, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती भोळी समजूत आहे. तंबाखूतील निकोटिन हे झाडाने किड्यांविरुद्ध बनवलेले विषच आहे, आणि ते माणसालाही मारते. आज द्राक्षापासून कपाशीपर्यंत मारले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे किड्याच्या मज्जासंस्थेत निकोटिन जिथे काम करते, तिथेच काम करते. म्हणजे कारखान्यानेही धडा झाडाकडूनच घेतला. तेव्हा फरक नैसर्गिक आणि कृत्रिम असा नाही. विष किती, कुठे, कधी आणि कोणाच्या अंगावर, हा खरा फरक आहे. झाड गरजेपुरते विष बनवते आणि बहुतेक स्वतःच्याच अंगात ठेवते. आपण ते टाकीत कालवून वाऱ्यावर सोडतो. टाकी आणि झाड यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो.

मग झाडाचे स्वतःचे बळ गेले कुठे? काही आपणच काढून घेतले. माणसाने हजारो वर्षे गोड, मऊ, मोठे फळ निवडून लावले आणि कडूपणा मागे टाकला. घरात काकडीचे टोक कापून घासतात, ते त्याच जुन्या कडूपणाची आठवण म्हणून. त्यात मैलोन्‌मैल एकच पीक लावले. किड्याला आयते ताट मिळाले. किडाही गप्प बसत नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे सांगितले गेले. पण शेंदरी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशी तिने पोखरून काढली. विष वाढवत नेले म्हणून किडा संपत नाही. जे थोडे किडे वाचतात, त्यांचीच पुढची पिढी वाढते.

त्याच २०१७ साली यवतमाळात काय झाले, हे चळवळीतल्या माणसाने विसरता कामा नये. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर येणारा. शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात दाखल झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक माणसे मेली. त्या वेळी चर्चा कशाची झाली? मजुराने मास्क का घातला नाही, याची! भर उन्हात प्लास्टिकचा कोट घालून दिवसभर पंप चालवता येतो का, असे विचारणारे थोडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये मृतांच्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण यवतमाळच्या खेड्यातील बाईला न्यायासाठी बासेलचे दार ठोठवावे लागते, यातच आपल्या व्यवस्थेची परीक्षा झाली.

यवतमाळ नाशिकपासून लांब आहे, असे कोणी समजू नये. हंगामात पहाटे पेठ, सुरगाण्याकडची आदिवासी माणसे कामासाठी पिंपळगावच्या रस्त्यावर उभी असतात. त्यांच्याबरोबर आपल्या वस्त्यांतील भूमिहीन बाया असतात. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची, तीही हातानेच. हे कीटकनाशक नाही, पण कातडी भाजते. काम करून जो दारू पितो, त्याचा जीव घाबरा होतो, कारण हे रसायन दारूचे शरीरात विघटन पूर्ण होऊ देत नाही. ही सूचना डब्यावर बारीक अक्षरांत असते. ज्याला वाचता येत नाही त्याला ती कोण वाचून दाखवणार?

मागच्या हंगामात एक आदिवासी जोडपे आमच्याकडे आले होते. नवरा दोन दिवस फवारणीला गेला होता. तिसऱ्या दिवशी उलट्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात नेले, जीव वाचला. पण केस पेपरवर जुलाब-उलटी एवढेच लिहिले होते. आम्ही विचारले, औषध कोणते होते? तो म्हणाला, “वकीलसाहेब, आम्हाला नाव कोण सांगतं? पांढरं होतं आन् वास लई उग्र होता.” बाटली फेकून दिलेली. कामावर होता याचा एक कागद नाही. मजुरी रोख, तीही निम्मी बाकी. लाळ, घाम, अंधारी ही ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे आहेत, हे आम्हाला कळत होते. पण न्यायालयात लक्षणे उभी करता येत नाहीत, पुरावा उभा करावा लागतो. कायद्याची पदवी असूनही त्या दिवशी आम्ही त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवले. ती गोष्ट आम्हाला आजही टोचते.

कायदा नाही असे नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. कीटकनाशके हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, ऑर्गनोफॉस्फेटशी काम करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची मोजणी, संरक्षक कपडे, श्वासाचे साधन, प्रथमोपचार, प्रशिक्षण हे सर्व त्या नियमांत लिहिले गेले. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन घालण्याचा अधिकार कायद्याच्या कलम २६ ने राज्य सरकारला दिला. मग अडते कुठे? हे नियम लिहिताना डोळ्यांपुढे कारखाना होता, हजेरीपट होता, मालक होता. रस्त्यावरून एका दिवसासाठी उचललेल्या मजुराचा मालक कोण? आज एका बागेत, उद्या दुसऱ्या. कायद्याच्या नजरेत तो सापडतच नाही, आणि जो सापडत नाही त्याचे रक्त कोणी तपासत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा जीव ही मालकाच्या दयेची बाब नसून कायद्याच्या हक्काची बाब आहे, ही त्यांची भूमिका होती. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा दुरुपयोग होऊ नये, असे म्हटले आहे. अनुच्छेद ४२ कामाच्या न्याय्य आणि मानवी परिस्थितीबद्दल बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात जे लागू, ते द्राक्षबागेत का लागू नाही?

काही लोक म्हणतील, शेतकरी आधीच मेटाकुटीला आला आहे, त्यात हे नवे ओझे कशाला? आमचे भांडण छोट्या शेतकऱ्याशी नाही. तो स्वतःच पंप पाठीवर घेतो आणि तेच विष श्वासात ओढतो. आम्ही मागतो ते फार नाही. निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंद ठेवावीच लागते. औषध कोणते, किती, कोणत्या तारखेला, हे लिहिलेले असते. त्याच वहीत रोजंदारीच्या मजुराचे नाव आणि त्याच्या तब्येतीचा एक रकाना वाढवा. ज्या साखळीला द्राक्षातला कणभर अंश शोधता येतो, तिला हे अवघड नाही. हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रात कोलिनेस्टरेजची तपासणी आणि ॲट्रोपिनचा साठा ठेवा. कलम २६ ची तरतूद कागदावर न ठेवता प्रत्येक विषबाधा कळवण्याची सक्ती करा. १९६८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२० साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. नवा कायदा कोणत्याही रूपात येवो, त्यात रोजंदारीचा मजूर नावानिशी आला पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. आपण आजच काही करू शकतो. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत एक बैठक घ्या. शिकलेल्या पोरांनी औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचे रंग समजावून सांगावेत. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. कामावर गेल्यावर औषधाचे नाव विचारा, मोबाइलवर डब्याचा फोटो काढा. त्रास झाला तर तोच फोटो डॉक्टरला दाखवा आणि केस पेपरवर ‘फवारणीनंतर त्रास’ असे लिहूनच घ्या. त्या एका ओळीवर आमच्यासारख्या वकिलाला उभे राहता येते. आमच्याकडे आलेल्या त्या जोडप्याच्या हातात ती एक ओळ असती, तर आम्ही त्यांना परत पाठवले नसते.